बंदर घाटाखाली, पोट घाटावर



आपल्या मावळात समुद्र नाही. पवना आहे, इंद्रायणी आहे, धरणे आहेत, पावसाळ्यात भुशी डॅमवर मुंबईची गर्दी आहे. पण खारे पाणी पाहायचे तर घाट उतरावा लागतो. तरीसुद्धा तळेगाव, आंबी, नवलाख उंबरे, टाकवे, कान्हे या पट्ट्यातील कितीतरी घरांची चूल समुद्रावर अवलंबून आहे, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. हा विषय या सदरात घेण्याचे कारण एका ताईंचा प्रश्न. त्या तळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत, कंत्राटदारामार्फत. त्या म्हणाल्या, "भाऊ, महिन्यातून तीन-चार वेळा आम्हाला ऐनवेळी रात्री थांबवतात. पोरं घरी उपाशी. का म्हणून विचारलं तर सुपरवायझर म्हणतो, गाडी लागलीय. ही गाडी आहे तरी कुणाची?"

प्रश्न साधा आहे. उत्तर देण्यासाठी मात्र घाटाखाली उतरून उरणपर्यंत जावे लागते.

ती गाडी म्हणजे ट्रेलर. त्यावर लोखंडी पेटी, म्हणजे कंटेनर. लहान पेटी २० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. मोठी ४० फुटी. ताईंनी खोक्यात भरलेले सुटे भाग त्या पेटीत रचले जातात, दार लावून त्याला सील ठोकले जाते, आणि ती पेटी परदेशातील गिऱ्हाइकाच्या दारातच उघडायची असते. मधे कोणी माल हाताळत नाही. ट्रेलर द्रुतगती मार्गाने खंडाळ्याचा घाट उतरतो, पनवेलवरून उरण तालुक्यात न्हावा-शेव्याला जातो. तिथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. आज ते देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक असून २०२४-२५ या वर्षात तिथे २० फुटी मापाने सत्तर लाखांहून अधिक पेट्या हाताळल्या गेल्या. तळेगावापासून ते शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे ताईंचे पॅकिंग टेबल आणि जहाजाची क्रेन यांच्यात एका दिवसाचेही अंतर नाही.

घाटावरचा माल आणि घाटाखालचे बंदर ही जोडी आजची नाही. आपण कार्ल्याच्या लेणीवर जातो तेव्हा चैत्यगृहाच्या खांबांवर कोरलेली नावे सहसा वाचत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास त्या लेणीला दान देणाऱ्यांत वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी आहे. धेनुकाकट गावचा सिंहदत्त नावाचा अत्तरविक्या आहे. त्याच गावचा सामी नावाचा सुतार आहे, त्याने दर्शनी काम केल्याचे लिहिले आहे. सोपाऱ्याचा दाता आहे, आणि कित्येक यवन आहेत. सोपारा हे बंदर. कल्याण आणि चौल हीही बंदरे. जवळपास त्याच काळात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका दर्यावर्दी पुस्तकात या तिन्ही बंदरांची, आणि घाटावरच्या पैठण व तेर या पेठांचीही नोंद आहे. बंदरातून घाट चढून देशावर जाणारी वाट कार्ले, भाजे, बेडसे यांच्या पायथ्याने जात होती. भिक्खूसंघ वर्षावासाला डोंगरात, व्यापारी तांडा खाली वाटेवर, आणि दान देणारे हात सेठाचे तसेच सुताराचे. माल वाहणाऱ्या बैलांमागे चालणाऱ्यांची नावे मात्र कुठे कोरलेली नाहीत.

पुढे इंग्रजांनी १८३० मध्ये बोरघाटातून चाकाच्या गाडीचा रस्ता केला आणि १८६३ मध्ये रेल्वे नेली. हौस म्हणून नव्हे. देशावरचा कापूस मुंबईच्या गोदीत लवकर पोहोचावा म्हणून. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटले होते आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता. घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांत किती गेले त्याची धड मोजदाद झाली नाही. लोणावळ्याचे जुने रेल्वेवाले आजही सांगतात, घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. हा चढ म्हणजे आपल्या साखळीतील सर्वांत अरुंद गाळा. पूर्वीही होता, आजही आहे.

साखळी हा शब्द मी मुद्दाम वापरला. पूर्वी कारखाना वेगळा, वाहतूकदार वेगळा, गोदी वेगळी, जहाज वेगळे असे. प्रत्येक ठिकाणी माल उतरे, पडून राही, पुन्हा चढे. या प्रत्येक उतरण्या-चढण्याला माणसाची पाठ लागे. मुंबईची गोदी अशाच पाठींवर चालली, आणि गिरणी व रेल्वेबरोबर ती आपल्या समाजाची मोठी भाकरी होती. कोकणातले, देशावरचे आपले लोक तिथे पोती वाहत. माता रमाईंचे वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या डोक्यावर वाहून संसार चालवत, हे आपल्या घरांत लहान पोरांनाही ठाऊक आहे. बंदराचे काम म्हणजे काय हे बाबासाहेबांच्या घरात कोणाला पुस्तकातून समजून घ्यावे लागले नसेल. ते मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. नदीचे पाणी, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा, हा त्यामागचा आग्रह होता. आजचे व्यवस्थापनवाले ज्याला 'इंटिग्रेशन' म्हणतात, ते त्यांनी तेव्हाच मांडले होते. असो.

गोदी कामगारांसाठी १९४८ चा कायदा झाला आणि महाराष्ट्रात हमाल-माथाडींसाठी १९६९ चा. पाठीला हजेरी मिळाली, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. आणि नेमकी त्याच सुमारास लोखंडी पेटी आली. अमेरिकेतील मॅल्कम मॅक्लीन हा मूळचा ट्रकवाला. त्याने २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षाची ही गोष्ट. ज्या कामाला टोळीच्या टोळी आठवडाभर लागे ते क्रेन काही तासांत करू लागली. चोरी कमी झाली, नुकसान कमी झाले, भाडे उतरले. गोदीतील हमालाचे काम मात्र गेले. कंटेनरला दोष देऊन उपयोग नाही. पोती वाहून साठीच्या आत वाकलेली माणसे आपण पाहिली आहेत. पण जे काम गोदीतून गेले त्यातले पुष्कळसे नाहीसे झाले नाही. ते मागे सरकले. पेटी भरण्याचे काम गोदीतून कारखान्याच्या आवारात आले, म्हणजे आपल्या तळेगावात आले. तिथे ते कायम हजेरीच्या हमालाकडे गेले नाही. कंत्राटी पॅकिंगवाल्या ताईकडे गेले.

न्हावा-शेव्याचे बंदर ज्या भागात उभे राहिले तिथल्यांचीही आठवण ठेवू. जुन्या शेवा गावाचे लोक उठवले गेले. सिडकोच्या जमीन संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये लढा दिला, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पुढे आला. साखळीचा प्रत्येक गाळा कोणाच्या तरी जमिनीवर किंवा अंगावर बसलेला असतो.

आता ताईंच्या रात्रपाळीकडे येतो. जहाज कोणासाठी थांबत नाही. एखादे जहाज बुधवारी लागणार असेल तर त्याआधी ठरावीक वेळेला बंदराचे दार त्या जहाजासाठी बंद होते. याला 'कट-ऑफ' म्हणतात. त्या वेळेच्या आत पेटी गेटमधून आत गेली पाहिजे, वजनाचा दाखला दिलेला असला पाहिजे, शिपिंग बिलावर कस्टम्सची परवानगी झालेली असली पाहिजे. वजनाच्या दाखल्याचा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर लागू आहे. वजन खोटे सांगितलेली पेटी जहाजावरची थप्पी कोसळवू शकते. यातले एक जरी चुकले तर पेटी मागे राहते आणि पुढच्या जहाजाची वाट पाहते. तोवर जागेचे भाडे चढते आणि पेटी वेळेत परत न गेल्याचा दंडही लागू शकतो. तिकडे परदेशातील कारखान्याने गोदामात साठाच ठेवलेला नसतो, कारण साठा ठेवणे म्हणजे पैसा अडकवणे, हे आम्हा बी.कॉम.वाल्यांना पहिल्या वर्षालाच शिकवतात. त्यांचे गोदाम म्हणजे हे समुद्रावरचे जहाजच. त्यामुळे त्यांच्या लाइनला उशीर होऊ नये म्हणून इथे तळेगावात ताईंची पोरे उपाशी झोपतात.

पण यात एक गोष्ट कंपनी सांगत नाही. जहाज अचानक येत नाही. कोणते जहाज कोणत्या तारखेला न्हावा-शेव्याला लागणार याचे वेळापत्रक शिपिंग कंपन्या आगाऊ जाहीर करतात. कारखान्याच्या निर्यात विभागाने जहाजावर जागा घेतलेली असते, तेव्हा त्यांना कट-ऑफची तारीख माहीत असते. जहाज एखाद-दोन दिवस मागेपुढे होते, हे खरे. तरीही पुढच्या आठवड्यात बहुधा कोणत्या दोन रात्री काम वाढेल, हे कागदावर आधी लिहून लावता येण्यासारखे असते. मी स्वतः ज्या कारकुनी टेबलावर बसतो तिथे अशी तारीख फळ्यावर खडूने लिहिलेली असते. ती पॅकिंगच्या शेडपर्यंत का जात नाही? कारण कंत्राटी बाईला तारीख सांगावी असे कोणाला वाटतच नाही. तिने हजर असावे, एवढेच अपेक्षित असते.

साखळी मोठी झाली की धक्केही दूरचे बसतात. जून २०१७ मध्ये एका संगणकी विषाणूने मर्स्क या शिपिंग कंपनीची जगभरची यंत्रणा बंद पाडली आणि न्हावा-शेव्याचे एक टर्मिनल ठप्प झाले. ट्रेलरच्या रांगा लागल्या. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज आडवे अडकले, सहा दिवस रस्ता बंद. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणारी अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला, भाडी चढली. असे झाले की कारखान्यात आधी माल तुंबतो, मग पाळी कमी होते, आणि पहिली पाळी कंत्राटी माणसाची तुटते. सुएझमध्ये काय झाले हे त्याला कोणी सांगत नाही. "उद्यापासून येऊ नको," एवढेच सांगतात.

घाटातला अडथळा तर आपल्या डोळ्यांसमोरचा. १३ जून २०२३ रोजी कुणे पुलावर रसायनाचा टँकर पेटला, चार जणांचा जीव गेला, द्रुतगती मार्ग काही तास बंद राहिला. जोडून सुट्ट्या आल्या की अवजड वाहनांना घाटात काही तास थांबवले जाते. लोणावळ्याला चिक्की खायला आलेल्या मोटारींसाठी निर्यातीचा ट्रेलर खाली-वर रांगेत उभा राहतो. पर्यटनावरही आपली घरे चालतात, त्यामुळे तक्रार कोणाची करायची? खोपोली ते कुसगाव हा १३.३ किलोमीटरचा नवा जोडरस्ता आणि त्यातले दोन बोगदे याच दुखण्यावरचा उपाय म्हणून २०१९ पासून हाती घेतले गेले. त्याने अंतर सहा किलोमीटरने कमी होते. इतक्या जवळच्या बंदराला रेल्वेने पेटी का पाठवत नाहीत, असेही लोक विचारतात. तळेगावला कस्टम्सचा कंटेनर डेपो आहे, रूळही आहेत. पण शंभर किलोमीटरसाठी पेटी दोनदा उचला, वर घाटात जादा इंजिने लावा, यापेक्षा ट्रेलर स्वस्त पडतो. रेल्वेचा फायदा लांबच्या पल्ल्याला.

ट्रेलरवरच्या आपल्या पोरांबद्दल एक वाक्य लिहिलेच पाहिजे. करळ फाट्याच्या अलीकडे रांगेत गेलेले तास त्यांच्या खेपेच्या हिशोबात धरले जात नाहीत, आणि तिथे अंघोळीची, संडासाची सोय शोधत फिरावे लागते.

आपल्याच तालुक्यातील सर्वांत मोठा धडा जनरल मोटर्सचा. तळेगावचा त्यांचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ संपता संपता कंपनीने भारतात गाड्या विकणे बंद केले. कारखाना मात्र चालू राहिला. पुढची तीन वर्षे तिथली प्रत्येक गाडी परदेशासाठी, मुख्यतः मेक्सिकोच्या बाजूला, तयार होत होती. या गाड्या पेटीत जात नाहीत. मुंबई बंदरात त्या चालवत नेऊन जहाजाच्या पोटात उभ्या करतात. तीन वर्षे आपल्या तालुक्यातील इतका मोठा कारखाना केवळ जहाजावर तगला. तेव्हा आतल्या पोरांना वाटे, निर्यात आहे म्हणजे नोकरी पक्की. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. हजारावर कामगारांच्या घरी कर्जाचे हप्ते तसेच राहिले. संघटना न्यायालयात गेली, पोरे आंदोलनाला बसली. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. कारखान्याला नवा मालक मिळाला; जुन्या कामगाराचे वय मात्र तीन वर्षांनी वाढले होते. जो माल इथे एकही गिऱ्हाईक घेत नाही आणि ज्याची मागणी साता समुद्रापलीकडच्या एका-दोन देशांत आहे, तो बनवणाऱ्याने आपल्या पगारातून घराचे कर्ज काढताना चार वेळा विचार करावा. कंपनी माल कुठे विकते, हे युनियनच्या माणसाला तोंडपाठ पाहिजे.

सगळेच जहाजाने जात नाही, हेही सांगतो. मावळच्या पॉलिहाउसमधला गुलाब फेब्रुवारीच्या आधी युरोपला जातो तो विमानाने, कारण फुलाचे आयुष्य मोजक्या दिवसांचे. तिथेही जानेवारीच्या अखेरीस तोडणीवाल्या बायांची हीच धावपळ. तारीख मात्र १४ फेब्रुवारी, ती सगळ्यांनाच माहीत असते, म्हणून तिथल्या बाया आपापले घरचे नियोजन आधी करतात. फरक माहितीचा आहे.

दहावी-बारावीच्या आणि कॉमर्सच्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात घ्यावे. या साखळीत पाठीचे काम आटले पण कागदाचे वाढले. शिपिंग बिल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, ई-वे बिल, बिल ऑफ लेडिंग, हे सर्व बिनचूक भरणारी माणसे पनवेल-उरणपासून चाकणपर्यंत लागतात. कस्टम्स ब्रोकरकडे राहून 'जी' कार्डाची परीक्षा देता येते. ती कस्टम्स खाते घेते. पुढे परवान्याची 'एफ' परीक्षा आहे. आपल्यातली पोरे बी.कॉम. होऊन मॉलच्या काउंटरवर उभी राहतात आणि या परीक्षेचे नाव त्यांना ठाऊक नसते. क्रेन, रीचस्टॅकर चालवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्यालाही काम आहे. मुलींनाही आहे, कागद बाई-पुरुष पाहत नाही.

आता ताईंना जे सांगितले ते इथे लिहितो, म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल. पेटीच्या दारावर चार अक्षरे आणि सात आकडे असतात. तो तिचा नंबर. न्हावा-शेव्यात २०१६ पासून पेट्यांना टॅग लावून त्यांचा माग 'लॉजिस्टिक्स डेटा बँक' या यंत्रणेवर ठेवला जातो. नंबर टाकला की मोबाइलवर पेटी कुठे आहे ते कळते. ताईंच्या मुलाने एक नंबर टाकून पाहिला. आईने सोमवारी रात्री भरलेली पेटी गुरुवारी बंदरात होती. पोराला मजा वाटली. आईने मात्र लगेच विचारले, "म्हणजे गुरुवारी जायची ती यांना आधीच माहीत होतं?"

होते. म्हणून पाच-सहा जणींनी मिळून लेखी मागणी द्यावी की पुढच्या आठवड्याच्या कट-ऑफच्या तारखा शेडमध्ये लावाव्यात. यात कोणतेही व्यापारी गुपित फुटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कामगारांच्या बाजूने कमी झालेले बरेच आहे, त्यावर वेगळे लिहावे लागेल. पण जादा कामाला कामगाराची संमती आणि दुप्पट दर, संध्याकाळी सातनंतर स्त्री कामगाराला थांबवायचे तर तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था, प्रत्येकाला नेमणूकपत्र, आणि कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाची जबाबदारी, हे त्यांत आहे. मागणीपत्राची एक प्रत सही-शिक्क्याने परत घ्यावी. दोन ओळींचे पत्र पुरते. कोणाला लिहायला अडचण असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात भेटावे. कागद आणि कार्बन मी आणतो.